स्वयंसेवी फायर कंपनीचं सभासदत्व: न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांसाठी एक परखड परीक्षण

साउथ ब्रन्सविक, हिल्सबरो, माँटगोमेरी किंवा फिलाडेल्फियाभोवतीच्या उपनगरांत घर घेताना शाळेचं रेटिंग सगळे बघतात. त्या घराला रात्री दोन वाजता आग लागली तर कोण येणार, हे कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी येतो तो शेजारच्या गल्लीतला प्लंबर, शिक्षक नाहीतर बँकेतला कारकून, आणि त्याला या कामाचा पगार मिळत नाही. अग्निसुरक्षेचे निकष ठरवणाऱ्या एनएफपीए या संस्थेच्या २०२० च्या मोजणीनुसार अमेरिकेत सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामक होते, त्यांपैकी जवळपास ६ लाख ७७ हजार स्वयंसेवक. पेनसिल्व्हेनियात १९७० च्या दशकात असे सुमारे तीन लाख लोक होते. २०१८ च्या राज्य अहवालात हा आकडा ३८ हजारांवर आला होता. फायरहाऊसबाहेर ‘स्वयंसेवक हवेत’ अशी पाटी वर्षभर का असते, ते यावरून कळेल.

‘कंपनी’ म्हणजे धंदा नव्हे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली, तेव्हा सभासद आपापल्या चामडी बादल्या घेऊन आगीवर धावत. रचना आजही तशीच आहे: नफा न कमावणारी संस्था, स्वतःची घटना, दरवर्षी निवडणूक. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची एक उतरंड आणि चीफ, कॅप्टन, लेफ्टनंट यांची दुसरी. पहिली पैसा आणि इमारत सांभाळते, दुसरी आग. या दोन उतरंडींचं आपसात पटत नसेल तर गणेश मंडळात जे होतं तेच इथे होतं, फक्त इथे भांडण साडेसात लाख डॉलरच्या बंबावरून असतं.

आधी गैरसमज दूर करू. आगी फार कमी असतात. देशभरातल्या अग्निशमन दलांना येणाऱ्या हाकांपैकी प्रत्यक्ष आगी शंभरात चारच्या आसपास. बाकी अपघात, वैद्यकीय मदत, पडलेल्या तारा, गॅसचा वास, कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, आणि ढीगभर आपोआप वाजलेले फायर अलार्म. गार्डन अपार्टमेंटमधला संध्याकाळी साडेसातचा अलार्म बहुधा फोडणीचा नाहीतर तळणाचा असतो, हे मराठी सभासदाला जिना चढण्याआधीच वासावरून कळतं. यात विनोद आहे तसा उपयोगही आहे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना गणवेशातला माणूस दारात बघून घाम फुटतो. त्यांना मराठीत ‘गॅस बंद केलात का? घरात आणखी कोण आहे?’ असं विचारणारा कुणी असला तर पाच मिनिटं वाचतात. म्हणून ज्यांना फक्त ज्वाळांशी झुंज हवी आहे त्यांनी येऊ नये. पावसात चौकात उभं राहून वाहतूक वळवायची ज्यांची तयारी आहे त्यांनी जरूर यावं.

मिळतं काय? प्रशिक्षण, गणवेश, एअर पॅक (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क), पेजर, विमा, सगळं फुकट. कोट आणि पँटचा नवा जोड तीन ते चार हजार डॉलरचा असतो, एअर पॅक त्याच्या दुपटीहून महाग. तुमच्या खिशातून जातं ते पेट्रोल, चांगली टॉर्च, नाममात्र वर्गणी आणि वेळ. खरी किंमत वेळेचीच आहे. आठवड्यातून एक ड्रिल, दोन ते तीन तास. महिन्यातून एक सभा. पहिल्या वर्षी त्यावर अभ्यासक्रम. शिवाय निधीसाठी चिकन बार्बेक्यू, पॅनकेक ब्रेकफास्ट, बिंगो, लेंटमधला (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासाच्या काळातला) फिश फ्राय, हॉल भाड्याने देणं आणि त्यानंतरची झाडलोट. मराठी मंडळाचा कार्यक्रम ज्या फायर हॉलमध्ये झाला, तिथल्या खुर्च्या नंतर रचून ठेवणारा माणूस त्याच रात्री तुमच्या घरी बंब घेऊन येऊ शकतो. या कामाला नाकं मुरडणारे सभासद वर्षभरात गळतात. तक्रार मात्र रास्त आहे: काही कंपन्यांत निधी गोळा करण्यात जाणारे तास प्रशिक्षणाच्या तासांहून जास्त असतात, आणि हा या सगळ्या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष आहे.

कंपनी निवडता येते हे अनेकांना ठाऊकच नसतं. एकाच टाऊनशिपमध्ये दोन-तीन कंपन्या असतात, आणि बहुतेक ठिकाणी ठरावीक अंतरात राहणाऱ्याला प्रवेश मिळतो. अर्ज भरण्याआधी ड्रिलच्या रात्री जाऊन बघा. सभेच्या रात्री नको, तेव्हा कुणाला बोलायला फुरसत नसते. चार गोष्टी विचारा. आठवड्याच्या दिवशी सकाळी दहाला अलार्म आला तर किती जण येतात? उत्तरात दिवसाचा आकडा टाळून रात्रीचा सांगितला तर समजून घ्या. मास्क चेहऱ्यावर हवाबंद बसतो का हे बघणारी फिट टेस्ट दरवर्षी होते का? गणवेश धुवायला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे त्यासाठीचं खास धुलाईयंत्र, आहे का? बंब चालवू देण्याआधी किती तास शिकवतात? मग नजर फिरवा. गणवेश बंबांच्याच खोलीत डिझेलच्या धुरात टांगलेले आहेत की वेगळ्या हवेशीर खोलीत? बंबाच्या सायलेन्सरला धूर बाहेर नेणारी नळी जोडलेली आहे का? काजळीने काळं पडलेलं हेल्मेट कुणी कौतुकाने मिरवत असेल तर ती कंपनी वीस वर्षं मागे आहे. ती काजळी म्हणजे कर्करोगाचं खाद्य. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात टाकलं आहे.

अर्जाची प्रक्रिया सरळ आहे. ओळखपत्र, वाहन परवाना, पार्श्वभूमीची तपासणी, वैद्यकीय तपासणी. आग लावल्याच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर दार बंद. त्यानंतर सभेत सभासदांचं मतदान होतं आणि सहा महिने ते एक वर्ष परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन. या काळात बंबावर बसता येतं, पण जळत्या घरात जाता येत नाही. अर्ज अडकतो तो बहुधा सभेच्या तारखेमुळे: दोन सभांत नाव वाचावं लागत असेल तर दोन महिने सहज जातात. कोर्सची तुकडी वर्षातून दोनदाच सुरू होत असेल तर हे दोन महिने सहा होतात. तेव्हा पुढची तुकडी कधी, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या आणि मोकळ्या वेळात फेमा या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे आयसीएस-१०० आणि आयएस-७०० हे ऑनलाइन अभ्यासक्रम उरका. दोन्ही फुकट आहेत, काही तासांत होतात, आणि पुढे लागणारच असतात.

मुख्य अभ्यासक्रम दोन्ही राज्यांत वेगळा. न्यू जर्सीत राज्याच्या डिव्हिजन ऑफ फायर सेफ्टीचं ‘फायरफायटर १’ प्रमाणपत्र लागतं. वर्ग काउंटीच्या अकादमीत भरतात: मिडलसेक्सची सेअरव्हिलला, सॉमरसेटची हिल्सबरोला. पेनसिल्व्हेनियात चार भाग आहेत: अग्निशमन सेवेची ओळख, घटनास्थळावरची मदत, बाहेरून आग विझवणं आणि आत शिरून विझवणं. दोन्हीकडे हिशोब दोनशे तासांच्या आसपास, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि बरेचसे शनिवार-रविवार धरून चार ते सहा महिने. धोकादायक रसायनांचा भाग जोडीला असतो. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला लेखी परीक्षा कठीण जात नाही. तो अडकतो तीन ठिकाणी.

पहिलं, मास्क. डोळ्यांपुढे काहीच दिसत नसताना, तोंडावर रबर आवळलेलं असताना, लाकडी बोगद्यातून तारांत अडकत पुढे सरकायचं. बंद जागेची भीती आहे की नाही हे इथेच कळतं, आणि ते आधी कळलेलं बरं. अकादमीत जाण्यापूर्वी फायरहाऊसमध्ये काच झाकलेला मास्क लावून दहा मिनिटं गुडघ्यांवर फिरायला मागा. कुणी नाही म्हणत नाही.

दुसरं, शिडी. २४ फुटी सरकती शिडी एकट्याने उभी करायची, ७५ अंशांच्या आसपास टेकवायची. इथे ताकदीपेक्षा पायाची जागा महत्त्वाची. शिडीचा पाया भिंतीला किंवा पायरीला टेकवून न घेता उचलणारे पडतात.

तिसरं, पाण्याने भरलेला होज, म्हणजे बंबाची नळी. पावणेदोन इंची होजच्या २०० फुटांत पाण्याचंच वजन ९५ किलोच्या घरात जातं. त्यावर १०० पीएसआय दाबाच्या फॉग नोझलमधून, म्हणजे फवारा सोडणाऱ्या तोंडातून, मिनिटाला १५० गॅलन सोडलं की नोझल सुमारे ३४ किलोच्या जोराने मागे रेटतं. हात ताठ ठेवून ते धरता येत नाही. होज बगलेखाली नाहीतर मांडीशी दाबायचा, वजन पुढच्या पायावर, आणि मागचा माणूस जोर घेतोय याची खात्री करून मगच दांडा उघडायचा. कोपऱ्यावर होजला घडी पडली तर पाणी निम्म्यावर येतं आणि पुढच्याला वाटतं पंप बिघडला. प्रत्येक वळणावर एक माणूस लागतो तो यासाठी. हिशोबही ध्यानात ठेवा: बंबात ७५० गॅलन पाणी असेल तर एका नोझलला ते पाच मिनिटं पुरतं. म्हणून दुसऱ्या बंबाचं पहिलं काम हायड्रंट, म्हणजे रस्त्याकडेचा आगीसाठीचा नळ, जोडणं असतं. हायड्रंट नसलेल्या ग्रामीण भागात दोन-तीन हजार गॅलनचे टँकर एकामागून एक फेऱ्या मारतात.

एअर पॅकबद्दल थोडं जास्त, कारण जीव त्यावर असतो. सिलिंडरवर ‘३० मिनिटं’ लिहिलेलं असतं. ती वेळ शांत बसलेल्या माणसाची. होज ओढत, जिना चढत, छातीत धडधड होत असताना १५ ते २० मिनिटं धरा, नवख्याची त्याहूनही कमी. ४,५०० पीएसआयचा सिलिंडर असेल तर नव्या बनावटीत एक तृतीयांश हवा उरली की घंटा वाजते, जुन्यात एक चतुर्थांशाला. घंटा म्हणजे निघण्याची वेळ नव्हे. घंटा वाजेल तेव्हा तुम्ही दाराबाहेर असायला हवं, आणि त्यासाठी आत जाताना किती हवा खर्च झाली ते मोजत राहायचं. पॅकवर पास अलार्म असतो: सुमारे ३० सेकंद हालचाल झाली नाही तर कर्कश ओरडतो. ओळीत उभं राहून वाट बघणाऱ्यांचे अलार्म सतत वाजतात आणि मग सगळे ते आवाज कानाआड करू लागतात. वाट बघताना कंबर हलवत राहायची सवय चांगल्या कंपनीत पहिल्या आठवड्यात लावतात. कार्बन फायबरचा सिलिंडर दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासायचा आणि बहुतेक सिलिंडर १५ वर्षांनी बाद करायचे. तारीख सिलिंडरवरच असते. वाचायला शिका.

दाढी ठेवता येत नाही. मास्कच्या कडेखाली केस आले की हवाबंदपणा जातो. फिट टेस्टमध्ये पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला यंत्रावर ५०० हा आकडा गाठावा लागतो आणि दोन दिवसांची खुंटं तो पाडायला पुरेशी असतात. आखूड मिशी चालते. चष्म्याच्या काड्याही मास्कची कड उचलतात, म्हणून मास्कच्या आत बसणारी वेगळी चौकट मिळते. ती मागून घ्यावी लागते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात.

गणवेशात खुबी अशी की नव्या सभासदाला आधी जुना जोड मिळतो. लेबलवरची बनावटीची तारीख बघा. दहा वर्षांहून जुना असेल तर आगीत घालायचा नाही, ड्रिललाही शक्यतो नको. कोटाचं आतलं अस्तर वेगळं निघतं; प्रकाशासमोर धरून कुठे पातळ झालंय का पाहा. हात वर केल्यावर कोट आणि पँट यांच्यात फट पडता कामा नये. बायकांना पुरुषांच्या मापाचा जोड देऊन ‘चालवून घे’ म्हणतात, तसं चालवून घेऊ नये. ढिल्या बाहीत अडकायला होतं, मोठ्या बुटात घोटा मुरगळतो. हातमोजे ओले झाले की आतलं अस्तर बोटांबरोबर बाहेर येतं, म्हणून दुसरा जोड मागून ठेवा. डोक्यावरचा हूड प्रत्येक आगीनंतर धुतलेला हवा, दोन मिळाले तर उत्तम. धुताना ब्लीच अजिबात नाही आणि पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर नाही. गणवेश गाडीच्या मागच्या सीटवर टाकून घरी आणू नका: उन्हाने धागे कमजोर होतात आणि त्यातली काजळी मुलांच्या कार सीटवर उतरते.

हृदयाचं सांगायलाच हवं. ड्युटीवर मरणाऱ्या अमेरिकी अग्निशामकांत हृदयविकाराचा झटका हे सर्वांत मोठं कारण आहे, ज्वाळा नव्हेत. झोपेतून उठून वीस-पंचवीस किलो अंगावर घेऊन धावणं हे कारणांपैकी एक. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हा आजार तसाही कमी वयात येतो. चाळिशी ओलांडली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, तर कंपनीच्या डॉक्टरने नुसता फॉर्म भरून पास केलं तरी स्वतःच्या डॉक्टरकडे स्ट्रेस टेस्ट करा. आत जायचं नसेल तरी जागा आहे. पंप चालवणारा, वाहतूक सांभाळणारा फायर पोलीस, हवा भरणारा, हिशोब ठेवणारा, अनुदानाचे अर्ज लिहिणारा. फेमाच्या सेफर या मनुष्यबळासाठीच्या अनुदानाचा अर्ज नीट लिहिणारा माणूस बऱ्याच कंपन्यांना होज धरणाऱ्यापेक्षा दुर्मीळ वाटतो, आणि हे काम आपल्या मंडळींना छान जमेल.

मुलांसाठी: पेनसिल्व्हेनियात १४ व्या वर्षापासून ज्युनिअर होता येतं. पालकांची संमती आणि कामाचा परवाना लागतो. चौदा-पंधराच्या मुलांना जळत्या इमारतीत प्रवेश नाही. कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून पाठवलेली मुलं दोन महिन्यांत दिसेनाशी होतात आणि पुढच्या देशी मुलाकडे लोक त्याच नजरेने बघतात. तसं असेल तर लायब्ररीत पाठवा.

नोकरी आणि कायदा थोडक्यात. पेनसिल्व्हेनियात कामाची वेळ सुरू होण्याआधी हाकेला गेल्यामुळे उशीर झाला तर मालक काढू शकत नाही. चालू मीटिंगमधून उठून जायचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. गाडीवरचा निळा दिवा परवानगीने लावता येतो, पण त्याने लाल सिग्नल तोडता येत नाही, वेगमर्यादाही सुटत नाही. दिवा मिळताच पेडल दाबणारे नवखे फायरहाऊसपर्यंत पोचतच नाहीत. मोबदल्याच्या नावाखाली काही गोष्टी आहेत: अनेक गावांत सेवेच्या वर्षांवर जमा होणारी लोसॅप ही रक्कम, पेनसिल्व्हेनियात २०१६ च्या कायद्याने गावांना देता येणारी स्थानिक करसवलत, न्यू जर्सीत सात वर्षं ६० टक्के हजेरी भरली की काही कायदेशीर सवलती देणारा ‘एक्झेम्प्ट’ दर्जा. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असाल तर विनामोबदला सेवा आणि पैसे मिळणारी योजना यांत मोठा फरक पडतो. लोसॅप किंवा हाकेगणिक मिळणाऱ्या मानधनाच्या कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला तो कागद दाखवा.

गुण द्यायचे तर प्रशिक्षणाला पाचापैकी पाच. इतक्या दर्जाचं हाताचं शिक्षण या पैशात, म्हणजे शून्यात, दुसरीकडे नाही. उपकरणांना चार, कारण जुना गणवेश नव्यांच्याच वाट्याला येतो. कारभाराला अडीच. सामावून घेण्याला कंपनीगणिक दोन ते पाच: काही ठिकाणी तीन पिढ्यांची घराणी आहेत आणि नावाचा उच्चार जमत नाही म्हणून तुमचं टोपणनाव परस्पर ठरतं. हजेरी लागत गेली की हे निवळतं.

सोडायची वेळ आली, घर बदललं, दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, तर गणवेश, पेजर, किल्ल्या आणि निळ्या दिव्याचा परवाना परत करून पोचपावती घ्या. प्रमाणपत्रं मात्र तुमची असतात. मूळ कागदांच्या प्रती कंपनीच्या कपाटात न ठेवता घरी ठेवा, आणि त्यांवर प्रो बोर्ड किंवा आयएफएसएसी या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मोहोर आहे का ते कोर्स संपतानाच बघा. मोहोर असेल तर दुसऱ्या राज्यातली कंपनी बहुधा ते प्रमाणपत्र मान्य करते. नसेल तर तेच दोनशे तास पुन्हा बसावं लागू शकतं.